अठराव्या वर्षानंतरची गोष्ट

संस्थेत किंवा परक्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या कुमारकथेत एक प्रश्न पहिल्या पानापासून असतो : हे घर आपले किती दिवस? आई-वडिलांजवळ वाढणाऱ्या मुलाला तो सहसा पडत नाही. बालगृहातल्या मुलाला मात्र उत्तराची तारीखही ठाऊक असते. अठरा वर्षे पूर्ण झाली की तिथला मुक्काम संपतो.

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोरे, ओतूर, मढ या पट्ट्यात आई-वडील गेलेले मूल बहुधा आजीकडे, मामाकडे किंवा चुलत्याकडे राहते. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांतली पुष्कळ मुले आश्रमशाळेत शिकतात. शाळा चालू असेपर्यंत सगळ्यांची पंगत एकच असते. दिवाळीची सुट्टी लागते, न्यायला माणसे येतात, वळकट्या बांधल्या जातात, आणि कुणाला घर आहे, कुणाला नाही, ते तेव्हा उघड होते. सांभाळणारे कुणीच नसेल तर मूल बालकल्याण समितीपुढे जाते आणि तिच्या आदेशाने बालगृहात दाखल होते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ या कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे. दत्तक न घेता मुलाला काही काळ घरात ठेवून वाढवण्याची सोयही त्यात आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलांच्या सांभाळासाठी मदत मिळते. २०२३ मध्ये ती दरमहा २,२५० रुपये झाली. अठरा वर्षांनंतर, संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठीच्या अनुरक्षणगृहात, एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत आधार देता येतो. अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण २०१८ मध्ये राज्याने लागू केले. कायद्याने वाट आखून दिली आहे. त्या वाटेवर चालणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हे सांगण्याचे काम साहित्याचे आहे.

मराठी बालसाहित्यात अनाथ मूल नवे नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या हा पोरका मुलगा एका कुटुंबात येतो आणि त्या घरचाच होतो. पुढे दूरदर्शनच्या मालिकेने तो घरोघरी पोहोचवला. पोरक्या मुलाला घर मिळाले की वाचकाचा जीव भांड्यात पडतो आणि अशा गोष्टी बहुधा तिथेच थांबतात. प्रत्यक्षातली गोष्ट तिथे थांबतेच असे नाही. कवी नारायण सुर्वे यांना तान्हेपणी गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी उचलून घरी नेले, नाव दिले, शाळेत घातले. गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात गावी निघाले, तेव्हा मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून गेले. मुलगा अजून शाळकरी वयाचा होता. पडेल ते काम करत तो मुंबईत वाढला. सांभाळणारे हात प्रेमळ असूनही सुटतात, हे त्या आयुष्यातले सत्य सुर्व्यांच्या कवितेमागे उभे आहे. कुमारांसाठीच्या मराठी कादंबरीत मात्र ते विरळाच येते.

इंग्रजीत अशा मुलांच्या गोष्टींची परंपरा जुनी आहे. जीन वेब्स्टर यांच्या ‘डॅडी लाँग लेग्ज’ (१९१२) या कादंबरीची नायिका अनाथाश्रमात राहण्याचे वय ओलांडलेली मुलगी आहे. तिचे आडनाव व्यवस्थापिकेने टेलिफोनच्या यादीतून उचललेले आणि नाव थडग्यावरच्या दगडावरून घेतलेले. एवढ्या एका तपशिलात संस्थेतले सगळे बालपण येते. कॅथरीन पॅटरसन यांची गिली हॉपकिन्स (१९७८) एका घरातून दुसऱ्या घरात फिरून टणक झालेली आहे. कुणी माया लावू लागले की ती आधीच भांडण उकरून काढते. व्हनेसा डिफेनबॉ यांच्या ‘द लँग्वेज ऑफ फ्लॉवर्स’ (२०११) मधली मुलगी अठरा वर्षांची होऊन बाहेर पडते आणि काही महिन्यांतच तिच्यावर बागेत झोपायची वेळ येते. ही कादंबरी मोठ्यांची, पण विषय नेमका हाच.

या पुस्तकांचे बळ तपशिलात आहे, आणि मराठी लेखकापुढे असे तपशील भरपूर आहेत. संस्था सोडणाऱ्या मुलाच्या पिशवीत दोन जोड कपडे आणि कागदांची एक फाइल असते. आधार कार्डावरचा पत्ता संस्थेचा. तो आता त्याचा राहिलेला नसतो. भाड्याने खोली घ्यायची तर मालक विचारतो, गाव कोणते, घरी कोण असते. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचे कागद मागतात. आयुष्यभर घंटेवर जेवलेल्या मुलाला पगार महिनाभर पुरवायचा कसा, आजारी पडल्यावर कुणाला कळवायचे, हे कुणी शिकवलेले नसते. सणाच्या दिवशी जायचे कुठे, हा प्रश्न नोकरी लागल्यावरही सुटत नाही.

अशा कथेतले मूल बिचारे किंवा असामान्य असण्याची गरज नाही. ते चिडके असेल, थट्टेखोर असेल, चुकेल, मैत्री करील. दया दाखवणारी गोष्ट त्याला पुन्हा परके करते. खरी गोष्ट त्याच्या शेजारी बसते. वर्गातल्या इतर मुलांनाही अशी पुस्तके हवीत, कारण त्यांच्याच बाकावर असे एखादे मूल बसलेले असू शकते. म्हणून लेखकांनी संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांचे बोलणे मन लावून ऐकावे आणि त्यांच्या वयाच्या वाचकांसाठी लिहावे. शिक्षकांनी आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी ती पुस्तके आश्रमशाळांपर्यंत, बालगृहांपर्यंत आवर्जून पोहोचवावीत.