कुंथतंय की रोखून धरतंय?

गटाच्या बैठकीत आम्ही मुलांच्या खोकल्यावर तासभर बोलतो, पण शीचा विषय निघाला की पदराआड हसतो. आज त्यावरच बोलू.

मूल कोपऱ्यात जातं, पाय ताठ करतं, लालबुंद होतं. आपण म्हणतो, बिचारं कुंथतंय. बरेचदा ते कुल्ले आवळून शी रोखत असतं. एकदा खडा होऊन दुखलं, चीर पडली, की ते भितं. रोखलेला मळ आणखी सुकतो, पुढच्या वेळी जास्त दुखतं. महिनोन्‌महिने असं चाललं की आतडं ताणलं जातं आणि शी लागल्याचं मुलाला कळेनासं होतं. मग चड्डीला पातळ डाग पडतात. दाटलेल्या खड्याच्या कडेने ते झिरपतं. त्याला जुलाब समजून शी बांधणारं औषध दिलं तर दुखणं वाढतं. मारणं तर नकोच, ते मुलाच्या हातात नसतं.

हे सुरू कधी झालं, ते आठवा. वरचं दूध लागलं तेव्हा? शाळेत घातलं तेव्हा? आपल्या विठ्ठलवाडीसारख्या दाट वस्तीत संडास सामाईक असेल तर सकाळी रांग, बाहेरून दार ठोठावणं; शाळेतला घाण असेल तर मूल घरी येईपर्यंत दाबून धरतं. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध आणि वर बिस्किटं, मग भाकरी-भाजीला पोटात जागा कुठली? बहुतेक मुलांचं कारण यातच सापडतं.

थोड्या मुलांना मात्र आतला आजार असतो. जन्मल्यावर पहिली काळी, चिकट शी 48 तासांतही झाली नव्हती का? त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाला का? पोट फुगून हिरवी उलटी झाली तर तडक दवाखाना गाठा. काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, तिथे ऑपरेशन लागतं. वाढ खुंटलेली, मूल सुस्त, तर थायरॉईडची रक्ततपासणी करतात. पाय अशक्त किंवा कमरेखाली मणक्यावर केसांचा पुंजका असेल तर तेही दाखवा.

अंगावर पिणारं दीड-दोन महिन्यांचं बाळ आठवडाभर शी न करता खेळतं, वजन धरतं आणि शी मऊ होते, तर घाबरू नका. सासूबाई एरंडेल काढतील, त्यांना समजावा.

निदान बहुधा विचारपूस करून आणि पोट चाचपूनच होतं. म्हणून जाण्याआधी आठवडाभर कॅलेंडरवर लिहा: शी कधी, खडा की मऊ, रक्त, डाग, दूध किती. शी मऊ करणारं औषध डॉक्टरांनी दिलं तर ते बरेचदा काही महिने चालतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बाटली फळीवर ठेवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. तो कागद त्यांनाही दाखवा, आणि पथक कधी येणार ते सेविकाताईंना आजच विचारून ठेवा.