अध्यक्षीय भाषण : खानदेशातील हृदयलयीचे विकार आणि तातडीची औषधयोजना



हृदयाच्या बिघडलेल्या लयीवर तातडीने करावयाच्या उपचारांची चर्चा बहुधा मोठ्या शहरांतील हृदयरोग विभाग डोळ्यांपुढे ठेवून होते आणि त्या चर्चेतला रुग्ण हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेला, वयस्क नागरिक असतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील अपघात विभागात मात्र त्याच्या शेजारच्या खाटेवर कपाशीवरचे कीटकनाशक पोटात गेलेला तरुण असतो, बिट्टीची बी खाल्लेली मुलगी असते, मूत्रपिंडे निकामी होत आलेला केळी-बागायतदार असतो, आणि या तिघांच्याही ईसीजीच्या पट्टीवर लय बिघडलेलीच दिसते. म्हणून या भागात लयीवरचे औषध निवडण्याआधी ती लय कशाने बिघडली हे विचारणे भाग आहे.

लयरोधक औषधे हृदयातील विजेचा प्रवास कुठेतरी मंदावतात किंवा पेशींचा विसाव्याचा काळ लांबवतात, आणि ज्या गुणाने ती एक विकार थांबवतात त्याच गुणाने दुसरा निर्माण करू शकतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे जादा ठोके दाबण्यासाठी फ्लेकेनाइड व एन्केनाइड देऊन पाहणाऱ्या अमेरिकेतील चाचणीत ठोके कमी झाले पण मृत्यू वाढले, आणि १९८९ साली ती औषधे थांबवावी लागली. पट्टी सुधारली की रुग्ण सुधारला, ही समजूत तेव्हापासून तरी टिकायला नको होती.

अलिंद आणि निलय यांना जोडणाऱ्या गाठीतून वीज गोल फिरत राहिली की नाडी एकाएकी मिनिटाला दीडशे-दोनशेवर जाते. अशा अरुंद, नियमित लयीत रक्तदाब टिकून असल्यास आधी जोर लावून श्वास कोंडण्याची क्रिया करवून घ्यावी आणि ती फसल्यास ॲडिनोसिन द्यावे. हे औषध रक्तात दहा सेकंदही धड टिकत नाही, त्यामुळे मनगटावरच्या बारीक शिरेतून सावकाश दिलेले ६ मिलिग्रॅम हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच संपते आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ असा शेरा केसपेपरवर पडतो. कोपराच्या मोठ्या शिरेतून झटक्यात औषध, त्यामागोमाग लगेच २० मिलिलिटर सलाइन आणि हात वर, एवढे केले तर पहिल्याच मात्रेत अनेकदा काम होते. न झाल्यास १२ मिलिग्रॅम देता येते. छातीत काही क्षण दडपण येऊन जीव जातो की काय असे वाटेल, हे रुग्णाला आधी सांगून ठेवावे. दमा असल्यास हे औषध टाळावे. आणि दम लागला म्हणून गावातच थिओफायलिनचे इंजेक्शन घेऊन आलेल्या रुग्णात ॲडिनोसिन निष्प्रभ ठरते, हे आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चहाचेही थोडेफार तसेच, आणि चहा न घेता घराबाहेर पडणारा खानदेशी माणूस विरळा.

रुंद ठोक्यांची वेगवान लय निलयातूनच निघाली आहे असे धरून चालावे, कारण तिथे व्हेरापामिल दिल्यास रक्तदाब कोसळून हृदय बंद पडू शकते. रक्तदाब खालावलेला असेल तर विजेचा झटका, तो टिकून असेल तर ॲमिओडेरोन १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत, हा क्रम सर्वांना पाठ आहे; घाईने दिलेले ॲमिओडेरोन स्वतःच रक्तदाब पाडते, याचा मात्र विसर पडतो.

खरी कसोटी पोटॅशियमपाशी लागते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे निरोगी माणसाला पथ्यकर आहे, कारण एका केळ्यातले सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम धडधाकट मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात. परंतु मूत्रपिंडे थकलेल्या, डायलिसिस चुकवलेल्या रुग्णाच्या रक्तात ते साचत जाते, ईसीजीतील टी-लाटा टोकदार होतात, ठोके रुंदावतात आणि नाडी मंदावते. इथे ॲट्रोपिन किंवा ॲमिओडेरोन शोधत बसू नये. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर शिरेतून सावकाश दिल्यास काही मिनिटांत ठोके आवळत येताना पट्टीवर दिसतात. हा परिणाम अर्धा-पाऊण तासच टिकतो आणि पोटॅशियम त्याने तसूभरही उतरत नाही, म्हणून तेवढ्या अवधीत इन्सुलिन-ग्लुकोज सुरू करून डायलिसिसची सोय पाहावी लागते. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बीमधील द्रव्ये डिजिटॅलिसच्याच कुळातली. तिथेही नाडी मंदावते, पोटॅशियम वाढते, पण कॅल्शियमने हृदय आणखी बिघडेल या भीतीने ते परंपरेने हातचे राखले जाते. अलीकडे या भीतीबद्दल शंका घेतली गेली आहे, तरीही बी खाल्ल्याची माहिती मिळताच ॲट्रोपिन आणि तात्पुरत्या पेसमेकरची तयारी यांना अग्रक्रम देणेच शहाणपणाचे. श्रीलंकेतील चाचणीने २००० साली उपयुक्त ठरवलेली डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. पट्ट्या सारख्या आणि औषधे निराळी, याचा निवाडा यंत्र करत नाही, रुग्णासोबत आलेल्या नातलगांना विचारलेला प्रश्न करतो.

फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेत ॲट्रोपिनचा हिशेब नाडीवर न ठेवता फुप्फुसातील स्राव सुकण्यावर ठेवायचा असतो, तेव्हा ०.६ मिलिग्रॅमच्या कुप्या मोजण्यात कंजुषी करून चालत नाही. याच विषाने ईसीजीतील क्यूटी अंतर लांबून निलयाची पीळ घेत फिरणारी वेगवान लय उद्भवू शकते आणि तिथे ॲमिओडेरोन आगीत तेल ओतते. हवे असते मॅग्नेशियम सल्फेट, २ ग्रॅम. गर्भवतीच्या झटक्यांसाठी ते ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात असतेच. तिथून अपघात विभागाच्या ट्रेमध्ये आणून ठेवणे एवढेच उरते.

विंचूदंशात सुटणाऱ्या चेतासंस्थेच्या वादळावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनसारखी स्वस्त गोळी प्रभावी असल्याचे दाखवून दिले, आणि तेही तालुक्याच्या गावी राहून; वेगवान नाडी दिसली म्हणून तिथे बीटारोधक देण्याचा मोह आवरावा लागतो.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावलाही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तरी साक्री, शिरपूर, चोपडा किंवा रावेर येथून निघालेला रुग्ण तिथे पोहोचेपर्यंत पहिले औषध आणि पुष्कळदा मूळची लय दोन्ही मागे पडलेली असतात. म्हणून या परिषदेपुढे एकच ठराव ठेवण्यात येत आहे : कोणतेही लयीवरचे औषध देण्यापूर्वी काढलेली ईसीजीची पट्टी, दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा व वेळ, आणि पोटात काय गेले याचे नातलगांनी दिलेले उत्तर, या गोष्टी संदर्भचिठ्ठीला टाचल्याशिवाय रुग्ण पुढे पाठवू नये.