इंग्रजीतील अप्रत्यक्ष कथन : निरोपापासून वाक्यापर्यंत



मराठी शाळेतील मुलांच्या इंग्रजी वह्यांत एक वाक्य वरचेवर आढळते : 'माय फादर सेड दॅट आय विल कम टुमॉरो.' मुलाच्या मनातील अर्थ असा की, वडील उद्या येणार आहेत. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकास मात्र त्यातून कळते ते हे की, उद्या येणार आहे तो मुलगा. वाक्यात शुद्धलेखनाचा दोष नाही, क्रियापदांची रूपे जागच्या जागी आहेत, आणि म्हणूनच ते तपासणाऱ्याच्या नजरेतूनही पुष्कळदा सुटते. तपासणारा शिक्षकही मराठीच असतो. तो ते वाक्य इंग्रजी डोळ्यांनी वाचतो, पण मराठी कानांनी ऐकतो. त्याला वडीलच येताना दिसतात!

ही चूक परीक्षेतील अर्ध्या गुणापुरती असती, तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई व्यवसायातील कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या देशभर पांगलेली आहेत. समजा, विट्याजवळच्या एखाद्या गावी पाचवीपर्यंत शिकलेले मूल वडिलांबरोबर कोइमतूरला गेले. तेथील बाईंना मराठी येत नाही, मुलाला तमिळ येत नाही. दोघांमध्ये दुवा काय तो इंग्रजीचा. 'वडील शाळेत केव्हा येणार?' असे बाईंनी विचारले आणि मुलाने वरील वाक्य उच्चारले, तर बाईंना एवढाच बोध होईल की, मूल उद्या नेहमीप्रमाणे शाळेत येणार आहे. वडील येऊन दाराशी उभे राहतील तेव्हा त्यांची वाट कोणी पाहत नसेल. निरोप दिला गेला, पण तो पोचला नाही.

ही चूक कोठून येते, हे पाहिल्यावाचून तिच्यावर उपाय सापडणार नाही. मराठीत आपण सहज म्हणतो, 'बाबा म्हणाले, की मी उद्या येतो.' या वाक्यातील 'मी' म्हणजे बाबा, हे गावातील चार वर्षांच्या पोरालाही समजते. मराठी बोलणारा दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलतो आणि त्यांना 'असे', 'म्हणून' किंवा 'की' एवढीच जोड देतो. संस्कृतातील 'इति' हेच काम करते. जत तालुक्यातील कानडी बोलणाऱ्या मुलांच्या भाषेत 'अंत' हा शब्द तेच करतो. तेव्हा तेथील कानडी शाळांतील मुलांची अडचणही याच जातीची असते. सारांश, 'दॅट आय विल कम' लिहिणारे मूल निष्काळजी नाही. ते आपल्या भाषेचा एक जुना आणि निर्दोष नियम इंग्रजीत पाळत आहे. शिक्षकाने हे वर्गात स्वच्छ शब्दांत सांगावे. आपल्या घरच्या भाषेत काही खोट आहे, अशी समजूत मुलाच्या मनात राहिली, तर ते इंग्रजी बोलण्यास तोंडच उघडणार नाही.

इंग्रजीची रीत निराळी आहे. तेथे निरोप सांगणारा स्वतःच्या जागी उभा राहतो आणि सगळे काही त्या जागेवरून मोजतो. बोलणारा बाबांचा 'आय' मुलाच्या तोंडी 'ही' होतो, कारण मुलाच्या जागेवरून बाबा हे तिसरे गृहस्थ आहेत. बोलणे होऊन गेलेले असल्यामुळे 'विल' चे 'वुड' होते. दिवस पालटला असेल, तर 'टुमॉरो' चेही रूप पालटते.

या बाबतीत दूरच्या एका भाषेशी तुलना करून पाहणे उपयोगी ठरेल. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या स्वतःच्या भाषेतही दुसऱ्याचे बोलणे सांगताना सर्वनाम बदलते व काळही मागे सरकतो. इंग्रजीतील हे वळण त्या मुलांना घरचेच वाटते. त्यांची अडचण दुसरीकडे असते : 'से' आणि 'टेल' या दोहोंसाठी त्यांच्याकडे एकच क्रियापद, म्हणून कोठे कोणते वापरावे हे त्यांना उमगत नाही. मराठी मुलाजवळ 'म्हणणे' व 'सांगणे' अशी दोन क्रियापदे तयार आहेत. 'म्हणाला' ते 'सेड' आणि 'मला सांगितले' ते 'टोल्ड मी', एवढे बोट धरून दिले की काम बरेचसे भागते. ('मला म्हणाला' यावरून 'सेड मी' असे मुले करतात, तेवढे जपावे.) म्हणून युरोपातील मुलांना समोर ठेवून रचलेले अभ्यास आपल्या शाळेत तसेच्या तसे चालवून फारसा लाभ नाही. ज्या ठिकाणी आपले मूल अडखळते, तेथे ते अभ्यास धावत पुढे जातात.

आता जे ध्यानात घ्यावयाचे, ते असे की, मराठीतही अप्रत्यक्ष कथनाच्या वाटा आहेत. फक्त मुलांना त्या दाखवून द्याव्या लागतात. 'बाबा म्हणाले, की मी उद्या येतो' आणि 'बाबा म्हणाले, की मी उद्या यावे' ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि विचारावे, 'कोण येणार?' पहिल्यात बाबा आणि दुसऱ्यात आपण, असे उत्तर वर्गातून येईल. कोणी न शिकविता मुले हा भेद करतात. एकच 'मी' दोन निरनिराळ्या माणसांचा असू शकतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथम दिसते, आणि इंग्रजीचा धडा खरे म्हणजे तेथे सुरू होतो.

याहून उपयोगाची वाट आज्ञेची. 'आई म्हणाली, की दूध आण' या वाक्यावरून मूल 'मदर सेड दॅट ब्रिंग द मिल्क' असे करते. त्याऐवजी शिक्षकाने आधी मराठी वाक्यच फिरवून घ्यावे : 'आईने मला दूध आणायला सांगितले.' आता 'आणायला' च्या जागी 'टू ब्रिंग' आपोआप बसते : 'मदर टोल्ड मी टू ब्रिंग द मिल्क.' नकारार्थी आज्ञेचेही तसेच. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या शाळांतून 'नदीत उतरू नका' ही सूचना दिली जातेच; २०१९ च्या महापुरानंतर तर ती कोणी हसण्यावारी नेत नाही. 'गुरुजींनी आम्हांला नदीत न उतरण्यास सांगितले' असे वाक्य मुलांकडून करून घेतले, की 'द टीचर टोल्ड अस नॉट टू गो इंटू द रिव्हर' हे त्याच्या पाठोपाठ येते. मराठीत 'मला', 'आम्हांला' हे शब्द गाळले तरी चालते. इंग्रजीत 'टोल्ड' च्या मागोमाग माणूस यावाच लागतो. तेवढा एक शब्द मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावा.

प्रश्नाच्या बाबतीत सगळा घोटाळा 'की' मुळे होतो. 'गुरुजींनी विचारले, की तू कुठे राहतोस?' यातील 'की' साठी मूल 'दॅट' घालते, मग प्रश्न जसाच्या तसा ठेवते, आणि 'द टीचर आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह' असे वाक्य जन्माला येते. येथेही मराठीचाच आधार घ्यावा. 'मी कुठे राहतो, ते गुरुजींनी विचारले' असे वाक्य मुलांच्या बोलण्यात नेहमी असते. त्यात 'की' नाही, 'तू' नाही, प्रश्नचिन्हही नाही. त्यावरून 'द टीचर आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' हे सरळ साधते. मराठीत प्रश्न विचारताना कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल होत नसतेच. इंग्रजी प्रश्नासाठी ती अदलाबदल मुलाने मोठ्या कष्टाने शिकलेली असते. अप्रत्यक्ष कथनात ती सोडून द्यावयाची आहे, हे ऐकून मुलांना एक प्रकारे हायसेच वाटते. 'जेवलास का?' सारख्या प्रश्नात वाक्याच्या शेवटी बसणारा 'का' इंग्रजीत 'इफ' होऊन पुढे येतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

वरच्या वर्गांतील मुलांसाठी वर्तमानपत्र हे चांगले साधन आहे. 'आपण उद्या येणार असल्याचे त्यांनी सांगितले' ही बातमीदाराची धाटणी म्हणजे मराठीतील शुद्ध अप्रत्यक्ष कथनच होय. त्यातील 'आपण' या शब्दाची सोय इंग्रजीत नाही. 'रामू टोल्ड शामू दॅट ही हॅड लॉस्ट हिज बुक' या वाक्यात पुस्तक नेमके कोणाचे हरवले, हे इंग्रज माणसालाही विचारून घ्यावे लागेल. मुलांना हे जरूर दाखवावे. सगळी गैरसोय मराठीच्याच वाट्याला आलेली नाही, हे त्यांना कळते, आणि वर्गात थोडी गंमतही होते.

आता त्या प्रसिद्ध कोष्टकाविषयी. 'नाऊ' चे 'देन', 'हिअर' चे 'देअर', 'टुमॉरो' चे 'द नेक्स्ट डे', असे कोष्टक पुष्कळ वर्गांच्या भिंतींवर टांगलेले असते आणि मुले ते पाढ्यांसारखे म्हणतात. ते पाठ करण्यास हरकत नाही, परंतु ते आंधळेपणाने लावणे घातक आहे. सकाळी दिलेला निरोप मधल्या सुट्टीत सांगावयाचा असेल, तर 'टुमॉरो' हा 'टुमॉरो'च राहतो. त्याच शाळेच्या पडवीत उभे राहून सांगावयाचे असेल, तर 'हिअर' चे 'देअर' कशासाठी करावे? तसेच जे आजही खरे आहे, त्याचा काळ मागे ओढण्याची सक्ती नाही. 'द टीचर सेड दॅट द कृष्णा अँड द कोयना मीट अॅट कऱ्हाड' हे वाक्य निर्दोष आहे. प्रीतिसंगम आजही कऱ्हाडासच आहे. कोष्टकाच्या आधी मुलाला दोन प्रश्न पडले पाहिजेत : सांगणारा आता कोठे उभा आहे, आणि मध्ये किती वेळ गेला? हे प्रश्न सुटले, की कोष्टकाची गरज फारशी उरत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. वाक्यरूपांतराचा रीतसर अभ्यास पुढे माध्यमिक शाळेत येतो, म्हणून प्राथमिक शिक्षकाने तो आपला विषय नाही असे समजू नये. माध्यमिक शाळेत मुलाला नियम मिळतात. नियमांखालची जमीन प्राथमिक शाळेतच तयार व्हावयास हवी. मात्र या वयात 'विल–वुड', 'कॅन–कुड' आणि 'इज–वॉज' एवढ्या तीन जोड्या पक्क्या झाल्या, तरी खूप झाले. 'हॅड' लावून होणारी रूपे पुढील शाळेवर सोडावीत.

सरावाचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. प्रारंभी 'सेड' वापरूच नये, 'सेज' वापरावे. तीन मुले उभी करावीत. पहिले दुसऱ्याच्या कानात सांगते, 'आय अॅम हंग्री.' दुसरे चार पावले चालून तिसऱ्याला सांगते, 'ही सेज ही इज हंग्री.' येथे काळ बदलत नाही, बदलतो फक्त माणूस. मुलांची मूळ अडचण माणसाचीच आहे, काळाची नव्हे. म्हणून तीच एकटी आधी सोडवून घ्यावी. मुलींच्या रांगेत 'शी सेज शी इज हंग्री' होते. बोलणारी मुले दोन असली, म्हणजे 'दे' येतो. आठवडाभर एवढेच चालू द्यावे. नंतर तोच निरोप दुसऱ्या दिवशी सांगण्यास लावावे. काल भूक लागलेला मुलगा आज जेवून आलेला असतो. 'ही सेड ही वॉज हंग्री' यातील 'वॉज' का, हे मग कोणाला समजावून द्यावे लागत नाही.

जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांतील लहान शाळांत दोनच शिक्षक असतात आणि एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. इतर विषयांत ही अडचण असेल; या अभ्यासाला मात्र ती फार सोयीची आहे, कारण तेथे दोन खोल्यांमध्ये खरेखुरे निरोप दिवसभर जात-येत असतात. खडू संपला, घंटा द्या, नकाशा पाठवा, पाणी आले का? यांतील रोज दोन निरोप इंग्रजीतून पाठवावेत. घेऊन जाणारे मूल चौथीचे असावे, आणि ऐकणाऱ्या शिक्षकाने ऐकले त्याच अर्थाप्रमाणे वागावे. 'बाई टोल्ड मी टू सेंड द मॅप' असे मुलाने म्हटले, तर नकाशा देऊ नये. शांतपणे विचारावे, 'नकाशा कोण पाठवणार? तू?' मूल क्षणभर गोंधळते, मग आपले वाक्य आपणच दुरुस्त करते : 'बाई टोल्ड यू टू सेंड द मॅप.' आपल्या एका शब्दाने नकाशा अडला, हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. वहीतील तांबड्या शाईने हे साधत नाही.

वह्या तपासताना 'माय फादर सेड दॅट आय विल कम टुमॉरो' हे वाक्य आढळले, तर त्यावर काट मारू नये आणि शेजारी बरोबर वाक्यही लिहून देऊ नये. खाली मराठीत फक्त एवढेच लिहावे : 'कोण येणार?' वही परत गेली, की मूल प्रथम उत्तर लिहील, 'बाबा.' मग वर पाहील, आणि 'आय' खोडून तेथे 'ही' लिहील. 'विल' त्या दिवशी तसाच राहिला, तरी चालेल. तो दुसऱ्या आठवड्यात पाहता येईल.