ओटीतला खण आणि कपाटातला खण

(सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली येथे बचत गटांच्या महिलांसमोर केलेलं भाषण)



आज मी कपाटाबद्दल बोलणार आहे. हक्कांवर बोलायला बोलावलेली बाई सुतारकाम का सांगतेय, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या भाषेत ‘खण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खण ओटीत पडतो, नारळ-तांदळाबरोबर. लग्नात, डोहाळजेवणाला, माहेरून निघताना, असा तो जन्मभर पडत राहतो. दुसरा खण कपाटाचा. त्याला कुलूप असतं आणि त्याची किल्ली बहुतेक घरांत बाईकडे नसते.

घराबाहेर काढलेली बाई आमच्याकडे येते तेव्हा आम्ही आधी कागद विचारतो. लग्नाचा पुरावा, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं : ‘ताई, सगळं कपाटात राहिलं.’ कायदा आपल्या बाजूने आहे. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की स्त्रीधन बाईचंच. सासरच्यांकडे ठेवायला दिलं म्हणून ते त्यांचं होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीधन परत देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट करू शकतात. पण काय काय दिलं होतं हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो, आणि कागद कपाटात.

म्हणून आमच्या गटातल्या बारा जणींनी बारा खणांचं एक कपाट स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं. ‘घरात वेगळं कुलूप लावलं तर मार बसेल,’ असं काही जणी म्हणाल्या. ते खरंच होतं. म्हणून कपाट गटाच्या खोलीत राहील, प्रत्येकीचा एक खण, प्रत्येकीची एक किल्ली, असं ठरलं. माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. शिकवायला एक वयस्क सुतारकाका तयार झाले. पाडलेल्या माळवदाचं जुनं सागवान घेतलं. दर रविवारी काम, असे तीन महिने लागले.

कपाटाचा नमुना साधा निवडला. चार फूट रुंद, तीन फूट उंच, दीड फूट खोल. चार खणांच्या तीन उभ्या ओळी. नक्षी नाही, कोरीव काम नाही. बाजूंना चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये सपाट फळी. ही फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवायची, सरस लावायचा नाही. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर फळी तडकते. चौकट काटकोनात आहे का, हे बघायला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरायची, मग दुसऱ्या जोडीला. दोन्ही मापं सारखी आली की झालं. जिला ठिपक्यांची रांगोळी काढता येते तिला हे गणित अवघड नाही.

खरी कसोटी खणांची. खण रोज ओढला जातो, म्हणून त्याच्या पुढच्या आणि बाजूच्या फळ्या नुसत्या खिळ्यांनी जोडून चालत नाही. त्यांना पारव्याच्या शेपटीसारखे दात पाडतात, मुळाशी अरुंद, टोकाला रुंद. ते एकमेकांत बसले की ओढूनही सुटत नाहीत. आधी करवतीने कापायचं, मग पटाशीने थोडं थोडं काढायचं. खण आणि चौकट यांच्यात दोन्ही बाजूंना रुपयाचं नाणं जाईल एवढी फट ठेवायची. ज्या पट्टीवरून खण सरकतो तिच्यावर मेणबत्ती घासायची.

या घडणीच्या साध्या कपाटांना जगभर ‘शेकर’ म्हणतात. शेकर हा एक धर्मपंथ. त्याची पुढारी एक बाई होती, ॲन ली. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या लोहाराची मुलगी. तिची चार मुलं लहानपणीच गेली. १७७४ साली मोजक्या अनुयायांना घेऊन ती अमेरिकेला गेली. पुढे या लोकांनी वस्त्या उभारल्या. मालमत्ता सगळ्यांची मिळून, लग्न कुणी करायचं नाही, आणि कारभारात बाया आणि पुरुष बरोबरीने. ॲन लीनंतर काही वर्षांनी ल्युसी राइट या बाईने १८२१ पर्यंत पंथाचा कारभार पाहिला. नक्षीपेक्षा उपयोग मोठा, असं ते मानत. म्हणून त्यांचं फर्निचर इतकं साधं.

पण पुढचं ऐका. त्या वस्त्यांतही सुतारशाळेत बहुधा पुरुषच असत. स्वयंपाक, धुणं, विणकाम, शिवण बायांकडे. म्हणजे त्यांनी सत्ता वाटून घेतली, कामं मात्र जुन्याच पद्धतीने वाटली. आपल्या चळवळीनेही याचा विचार करायला हवा. आपण सरपंच झालो, अध्यक्ष झालो, पण हत्यार कुणाच्या हातात आहे?

आपल्याकडे नांगराला बाईने हात लावायचा नाही, अशी रूढी होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, ताट बाई तयार करते, हत्यार पुरुष चालवतो. गावगाड्यात बारा बलुतेदारांमध्ये सुतार होता. त्याची विद्या जातीत राहिली, आणि जातीतही बापाकडून मुलाकडे गेली. सुताराच्या घरची बाई काम करतच नाही का? पॉलिशपेपर ती मारते, फळीचं दुसरं टोक ती धरते, भुसा ती झाडते. पण तिला कुणी सुतार म्हणत नाही.

दुसरी वाट आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात मुलं आणि मुली दोघंही वर्कशॉप शिकतात आणि दोघंही स्वयंपाक-आरोग्य शिकतात. मुलीच्या हाती करवत दिल्याने काही बिघडलं नाही.

आता सरकारकडे येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने. चांगलं आहे. पण एक अट नीट वाचा. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुलं. मग एक नाव द्यायचं म्हटल्यावर घरातून कुणाचं नाव जातं, हे मी सांगायला नको. कागदावर अट सगळ्यांना सारखी दिसते, पण घरात सगळे सारखे नसतात. जी बाई आयुष्यभर पॉलिशपेपर मारत आली, ती सरकारदरबारी पुन्हा ‘घरकाम’ करणारीच राहते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक गटाने कागदांसाठी कुलपाचे खण करावेत आणि त्यात स्त्रीधनाची सही-तारखेची यादी व सगळ्या कागदांच्या झेरॉक्स ठेवाव्यात. दुसरी, विश्वकर्मा योजनेच्या अर्जांची पहिली तपासणी ग्रामपंचायतीत होते. तिथे आपल्या निम्म्या जागा आहेत. सुतार, कुंभार, लोहार यांच्या घरांत राबणाऱ्या बायांची वेगळी यादी ग्रामसभेत वाचा, आणि लाभ कुटुंबाला एक न देता काम करणाऱ्या प्रत्येक हाताला द्या, असा ठराव करा. तिसरी, शाळेत सुतारकाम शिकवलं जात असेल तर त्या वर्गात मुली आहेत का, हे जाऊन बघा.

कपाट पूर्ण झालं तेव्हा एकीने विचारलं, ‘ताई, माझ्या खणात ठेवायला माझ्याजवळ एकही कागद नाही, मी काय ठेवू?’ तिच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, बँकेत खातंही नव्हतं. आम्ही म्हटलं, खण रिकामा राहू दे. आता तो भरायचं काम गटाचं. पहिला कागद बँकेच्या पासबुकाचा आला. घराच्या उताऱ्यावर तिचं नाव लावण्याचा अर्ज दिलाय, त्याची पोचपावती दुसरी. उतारा अजून यायचा आहे.

ओटीतला खण दुसरे देतात. हा दुसरा खण आपला आपण करायचा आहे. रंधा कसा धरायचा ते दाखवायला मी हत्यारं बरोबर आणली आहेत. आता बोलणं पुरे, या पुढे.