जमिनीखालची टाकी आणि विहिरीचे पाणी

कुंभकोणम् शहराला लागूनच दारासुरम् हे गाव आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात येथे ऐरावतेश्वराचे मंदिर उभारले. मंदिराचा पुढील भाग आज भोवतालच्या रस्त्याहून खाली आहे आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचल्याचे पुष्कळांनी पाहिले आहे. कावेरी व तिचे फाटे यांनी शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळाची ही भूमी. तिच्यात वाळू आणि चिकणमाती यांचे थर एकावर एक रचलेले आहेत. वरच्या थरांतले पाणीही फार खोल नसते. अशा ठिकाणी पेट्रोल किंवा डिझेल जमिनीखाली साठविणे म्हणजे ते विहिरीच्या शेजारी साठविणेच होय.

याच परिसरात, दारासुरम्‌च्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, कदिरामंगलम् हे गाव आहे. तेथे ३० जून २०१७ रोजी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची जमिनीखालून गेलेली नळी फुटली आणि भातशेतीत कच्चे तेल पसरले. गावकरी जमले, जिल्हाधिकाऱ्यांनी यावे अशी मागणी झाली; पुढे लाठीमार आणि अटका झाल्या. विहिरींच्या पाण्याचा रंग पालटला आहे, अशी गावाची तक्रार होती. महामंडळाला ती मान्य नव्हती.

नळीतील तेल दाबाखाली असते, म्हणून ते वर आले आणि सर्वांना दिसले. पेट्रोलपंपाखालच्या टाकीचे तसे नाही. पोलादी पत्र्याला गंजाने टाचणीएवढे भोक पडले, तरी वरून काही कळत नाही. रोज मोजकाठीने घेतलेले माप आणि विक्रीचा हिशेब यांत थोडा फरक पडतो. तो उष्णतेने झालेली तूट म्हणून सोडून दिला जातो. अमेरिकेत अशा टाक्यांविषयी १९८४ साली कायदा झाला, आणि त्यानंतरच्या तपासणीत गळतीची पाच लाखांहून अधिक ठिकाणे आढळली.

जुनी टाकी उपसून काढणे हे काम दिसते तेवढे सरळ नसते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, ही गोष्ट नवख्या मजुराला सांगूनही पटत नाही. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. आणि रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण तयार होते. ही वाफ हवेहून जड असल्यामुळे ती तळाशी व खड्ड्यात साचून राहते. म्हणून तळचा गाळ काढल्यावर टाकीत नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ सोडून प्राणवायू हटवितात आणि वर, मध्ये व तळाशी उपकरणाने मोजणी करूनच तिला हात लावतात. भारतात या साठवणुकीला परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे.

टाकी ट्रकवर चढली की काम संपले असे मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. खरा प्रश्न मागे उरलेल्या खड्ड्याचा असतो. मातीचे नमुने टाकीच्या दोन्ही टोकांखालून घ्यावे लागतात. त्याचप्रमाणे नळ्यांच्या सांध्यांखालूनही, कारण पुष्कळदा गळती टाकीत नसून सांध्यात असते. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बर्फात ठेवावा लागतो. बाटलीत हवा राहिली तर बेन्झीन त्या हवेत उडून जाते आणि प्रयोगशाळा निर्दोष अहवाल देते. पिण्याच्या पाण्यात बेन्झीन लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. एवढ्या अल्प प्रमाणाला रंग नसतो आणि वासही येत नाही. कदिरामंगलम्‌चा वाद पाण्याच्या रंगावर लढविला गेला, ही त्यातली दुबळी बाजू होती.

पाण्याच्या तपासणीसाठी खोदलेली नळी किती खोल आहे, यालाही महत्त्व आहे. तेल पाण्यावर तरंगते. नळीची छिद्रे पाण्याच्या पातळीच्या बरीच खाली असतील, तर तेलाचा तवंग वरच राहून जातो. पाणी कोणत्या दिशेने सरकते हे ठरविण्यास किमान तीन नळ्या लागतात. त्रिभुज प्रदेशात आणखी एक अडचण आहे. मेट्टूर धरणाचे पाणी प्रघातानुसार १२ जूनला सुटते, ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस लागतो, आणि भूजलाची पातळी वर येते. उन्हाळ्यात ती पुन्हा उतरते. तिच्याबरोबर तेलही वरखाली होऊन मातीच्या जाड थराला माखते. केवळ एका ऋतूत घेतलेला नमुना येथे अर्धीच हकिकत सांगतो.

तामिळनाडू शासनाने २०२० साली कायदा करून या प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरविले. नव्या तेलविहिरींना त्यामुळे बंदी झाली, परंतु पूर्वीपासून चालू असलेली कामे त्या बंदीतून वगळण्यात आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच वर्षी घालून दिलेले, शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून ५० मीटर अंतराचे बंधन नव्या पंपांसाठी आहे. जुन्या टाक्या आणि जुन्या नळ्या आहेत तेथेच राहतात. त्यांची तपासणी होते तेव्हा बाटली बहुधा मालकाचाच माणूस भरतो. नमुन्याचे दोन भाग करून, गावकऱ्यांसमक्ष दोन्हींवर मोहोर लावून, ते दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे धाडण्यास खर्च फारसा वाढत नाही.