डुमना ते गोल बाजार

मुंबईहून जबलपूरला विमानाने येणाऱ्या उतारूला बसल्यापासून उतरेपर्यंत फारसा विचार करावा लागत नाही. वर्तमानपत्र चाळून होते न होते तोच खाली सातपुड्याच्या रांगा दिसू लागतात; खिडकीजवळची जागा मिळाली असेल तर नर्मदेचे एखादे वळणही क्षणभर चमकून जाते आणि विमानाची चाके धावपट्टीला टेकतात. जे अंतर काटावयास आगगाडीला सारी रात्र आणि वर दिवसाचाही काही भाग लागतो, ते दोन तासांच्या आत संपलेले असते. खरा प्रवास सुरू होतो तो यानंतर. हाती पेटी घेऊन उतारू बाहेर येतो, चहूकडे पाहतो, आणि शहर काही दृष्टीस पडत नाही. दिसते ते पानझडीचे रान, त्यातून निघालेला रस्ता, आणि उभ्या असलेल्या थोड्याशा मोटारी.

या विमानतळाचे नाव डुमना. तो जबलपूरचा असला तरी जबलपुरात नाही. शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरांवर तो वसला आहे आणि शहराच्या व त्याच्यामध्ये मनुष्यवस्ती विरळ, झाडी दाट. नागपूरकराला याचे नवल वाटते, कारण त्याचे सोनेगाव शहराला चिकटलेले. २०१९ पासून तर तेथे मेट्रो रेल्वेही आली. मुंबईचा विमानतळ वस्तीने इतका वेढलेला आहे की उतरताना झोपड्यांची छपरे मोजावीत. जबलपूरचा प्रकार अगदी उलटा. येथे विमान अरण्यात उतरते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

ती किती थोडी, हे ४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी दिसून आले. मुंबईहून आलेले एक विमान डुमन्याच्या धावपट्टीवर उतरून धावत असताना रानडुकरांचा कळप आडवा आला. विमान धडकले, धावपट्टीवरून घसरले आणि पुन्हा उडण्याच्या उपयोगाचे राहिले नाही. सुदैव एवढेच की, आतील सुमारे पन्नास माणसे सुखरूप उतरली. त्या काळी धावपट्टी १९८८ मीटर लांबीची होती. पुढे १२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेले एक विमान तिच्या टोकापलीकडे गेले. तेव्हाही कोणाला इजा झाली नाही. आता धावपट्टी २७५० मीटरांची झाली असून नव्या इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पावसाचे पाणी साचून नव्या इमारतीच्या दर्शनी छताचा कापडी भाग फाटला आणि खाली उभ्या असलेल्या एका मोटारीचा चुराडा झाला. मोटारीतील मंडळी नुकतीच उतरून गेली होती. डुमन्याचे नशीब या बाबतीत बलवत्तर आहे खरे; परंतु नशिबाच्या भरवशावर कोणतेही सार्वजनिक बांधकाम उभे करू नये, हे सांगण्यास इंजिनिअर असावे लागत नाही.

विमानतळ सुधारला, पण विमानांचे काय? इमारत मोठी झाली त्याच सुमारास उड्डाणे घटली, अशी शहराची तक्रार होती. जून २०२४ मध्ये नागरिकांच्या संघटनांनी एक दिवस कोणीही विमानाने प्रवास करू नये असे आवाहन केले, आणि प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. उच्च न्यायालय याच गावात आहे, हे या तक्रारीमागचे एक कारण होय. १९५६ साली नवा मध्यप्रदेश झाला तेव्हा राजधानीचा मान भोपाळला गेला आणि जबलपूरच्या वाट्याला न्यायालय आले. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्याची सोय हा या शहराच्या मानाचाही प्रश्न होऊन बसला आहे. घर मोठे बांधून ठेवावे आणि पाहुण्यांनी फिरकू नये, यातले शल्य ज्याचे त्यालाच ठाऊक.

वास्तविक पाहता हिंदुस्थानात दळणवळणाचे महत्त्व जबलपूरइतके फार थोड्या शहरांना कळले असेल. अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग १८६७ मध्ये येथे पोचला आणि तीन वर्षांनी मुंबईकडून आलेला मार्ग त्याला येऊन मिळाला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत हा सांधा जुळला आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे प्रथमच एका लोहमार्गाने जोडली गेली. दोनतीन वर्षांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने आपल्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत नायकाला मध्यहिंदुस्थानच्या जंगलात गाडीतून उतरविले आणि पुढील वाट हत्तीवरून काटावयास लावली. रूळ तर केव्हाच जुळले होते. परंतु रूळ जुळले असते तर हत्ती कोठून आणावयाचा?

हत्ती मात्र जबलपूरने पुढे खरेच आणले. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसला अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असताना आले. मिरवणुकीत बसणे त्यांना शक्य नव्हते, तेव्हा ५२ हत्ती जोडलेल्या रथातून त्यांच्या तसबिरीची मिरवणूक निघाली. आल्यागेल्याला सामोरे जाण्याची या गावाची हौस अशी जुनी आहे. अजूनही राइट टाउन, नेपियर टाउन, गोल बाजार या भागांतील मराठी घरांत पाहुणा यावयाचा म्हटला की, स्टेशनावर कोणी जावयाचे हे आदल्या रात्री ठरते. स्टेशन गावातच आहे. मुलगा सायकलवरूनही जाऊ शकतो. डुमन्याला सायकलवर कोण जाणार?

आणि येथेच या वीस किलोमीटरांचा खरा पेच सुरू होतो. ज्याला स्वतःची मोटार आहे किंवा सरकारी वाहन घ्यावयास येणार आहे, त्याला डुमना दूर नाही. बाकीच्यांना टॅक्सीवाल्याशी घासाघीस करावी लागते. मुलाकडे प्रथमच निघालेली एखादी वृद्ध आई, मुलाखतीसाठी आलेला तरुण, नागपूर किंवा पुण्याहून येथील अभियांत्रिकी संस्थेत दाखल होणारी विद्यार्थिनी, यांना विमानाचे तिकीट स्वस्तात मिळालेले असते आणि शेवटच्या वाटेचे भाडे ऐकून छाती दडपते. टॅक्सीवाल्यालाही सर्वस्वी दोष देऊन चालणार नाही. विमाने मोजकीच, एक भाडे मिळावे म्हणून त्याने तासचे तास रानात काढावयाचे आणि शहरातून परत येताना गाडी रिकामी आणावयाची. तो हिशेब उतारूच्याच माथी बसतो.

परदेशांतही हे सारे प्रथमपासून सुरळीत होते, असे कोणी समजू नये. रोमचा फ्यूमिचीनो विमानतळ १९६० च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी उघडला; शहरापासून तो सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. तेथे आगगाडी पोचली ती १९९० साली, म्हणजे तीस वर्षांनी. मिलान शहराला मालपेन्सा येथे दूरचा मोठा विमानतळ आहे आणि लिनाते येथे अवघ्या सात किलोमीटरांवर जवळचा. त्यातील दूरच्या विमानतळाला १९९९ मध्ये गाडी मिळाली आणि जवळच्याला भुयारी रेल्वे मिळण्यास २०२२ साल उजाडले. अंतर थोडे असले म्हणजे सोय आपोआप होते, असा नियम नाही. परंतु रोमकरांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. विमानतळावरून जुन्या तटबंदीच्या आत कोठेही जावयाचे असो, टॅक्सीचे भाडे नगरपालिकेने ठरवून दिले आहे. परका मनुष्य भाषा न जाणताही फसत नाही आणि टॅक्सीवाल्याला हुज्जत घालावी लागत नाही. यास लोहमार्ग लागत नाही, बोगदा लागत नाही. एक निर्णय आणि एक पाटी एवढेच लागते. तिच्या जोडीला विमानाच्या वेळेशी बांधलेली एक बस हवी. पहिल्या दिवशी तीत तीनच माणसे बसतील म्हणून ती बंद करणे म्हणजे रोप लावून दुसऱ्या दिवशी फळ आले नाही म्हणून ते उपटण्यासारखे होय.

रस्ताच रुंद करावा, म्हणजे अंतर आपोआप कमी होईल, असे सुचविणारेही आहेत. त्यांनी या रस्त्याच्या कडेला काय आहे ते एकदा उतरून पाहावे. वाटेवर डुमना निसर्ग उद्यान लागते. त्याचा विस्तार १०५८ हेक्टर. त्याच्या पोटात खंदारीचा जलाशय आहे. १८८३ च्या सुमारास शहराला नळाचे पाणी मिळावे म्हणून तो बांधला गेला आणि त्यासाठी राजा गोकुळदास यांनी द्रव्यसाहाय्य केले. जबलपूरच्या कित्येक पिढ्या त्याचे पाणी प्याल्या. त्या जलाशयाला पाणी देणारे हे रान तोडले गेले नाही, म्हणूनच चितळ, साळिंदर, कोल्हे आणि रानडुकरे येथे टिकली. बिबट्याचीही चाहूल लागते. म्हणजे ज्या अरण्यामुळे उतारूला शहर दूर वाटते, त्याच अरण्याने एके काळी शहराची तहान भागविली आहे. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि मोटारीच्या वेगाची किंमत प्रथम चितळ मोजते, मग कधीतरी मोटारवालाही मोजतो. धावपट्टीभोवती कुंपण अभेद्य असलेच पाहिजे, त्यात तडजोड नाही. परंतु रस्त्यावर पाचसहा मिनिटे वाचविण्यासाठी झाडांची रांग खाली आणणे हा व्यवहार तोट्याचा आहे.

रात्रीच्या विमानाने येणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात अचानक हिरवे डोळे चमकतात. जाणता चालक दिवे मंद करतो, गाडी थांबवितो, एक चितळ ओलांडते, मागून दुसरे. शहरात वाढलेला उतारू घड्याळ पाहावयाचे विसरतो. पुढे दिवे वाढू लागतात, पचपेढीपाशी विद्यापीठ येते, मग सिव्हिल लाइन्सचे जुने बंगले, रूळ ओलांडले की गर्दी, हातगाड्या, आणि गोल बाजाराच्या वळणावर गाडी हळू होते. घरची मंडळी दारात उभी असतात. विमानाला किती वेळ लागला हे कोणी विचारीत नाही. विचारतात ते, डुमन्याहून गाडी लगेच मिळाली का, आणि त्याने किती घेतले.