सालगडी आणि मुलगा

 

आजच्या निरूपणाला आधार घेतला आहे इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा. अध्याय दुसरा, वचनं आठ ते दहा. पौल काय सांगतो, ते साध्या शब्दांत ऐका. तारण कृपेनं होतं आणि विश्वासानं हाती येतं. ते आपल्या कमाईचं नाही, देवाचं दान आहे; म्हणून कुणी छाती फुगवू नये. इथवर आपल्याला तोंडपाठ असतं. पण पौल इथं थांबत नाही. दहाव्या वचनात तो म्हणतो, आपण देवाच्या हातची घडण आहोत, आणि सत्कृत्यांसाठीच घडवले गेलो आहोत. बघा बरं, आठ आणि नऊ पाठ करायचं आणि दहा सोडून द्यायचं, हे काही खरं नव्हे.

मुळाशी कृपा, फांदीला फळ ।
देवाचा हात, म्हणून बळ ॥

हेच आपलं आजचं ध्रुवपद. आता दृष्टांत घ्या.

आपल्या कोल्हापूरकडच्या रानात उसाची भांगलण चाललेली आहे. दोघं जण राबतात. एक सालगडी, दुसरा धन्याचा मुलगा. दोघांच्या हातात खुरपं तेच, अंगावर घाम तोच, डोक्यावर ऊन तेच. बांधावरनं जाणाऱ्याला फरक दिसायचा नाही. पण फरक केवढा आहे! सालगड्याचा हिशेब पाडव्याला होतो. त्याच्या कष्टाला नाव ठेवायचं नाही, तो घामाचीच भाकरी खातो. पण चार दिवस अंथरुणाला खिळला, तर त्याच्या जिवाला घोर: धनी पुढच्या साली ठेवील का? मुलाचं तसं नाही. तो राबतो म्हणून मुलगा झाला नाही. मुलगा आहे म्हणून रानात उतरला आहे. तो आजारी पडला तर बाप त्याला घराबाहेर काढत नाही, उशाशी येऊन बसतो.

आणि हाच मुलगा भर सुगीत चावडीवर पाय पसरून गप्पा छाटत बसला तर? लोक म्हणतील, नाव बापाचं लावतोय, पण बापाच्या रानाची याला माया नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. त्यातल्या थोरल्या भावाकडे आपलं लक्ष कमी जातं. तो घर सोडून गेला नव्हता, काम चुकवलं नव्हतं. पण बापाशी बोलताना त्याची भाषा कोणाची? चाकराची! इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, मला काय दिलंत, असा त्याचा सूर. मुलगा असून त्यानं स्वतःला सालगडी करून घेतलं होतं. आता तुम्हीच स्वतःला विचारा: मी देवाच्या घरात कोण म्हणून राबतो? उपास, दान, मंडळीचं काम, यात्रेची पायपीट, हे सगळं मी पाडव्याच्या हिशेबासाठी करतो का? पाय सुजले म्हणून देव आपला ऋणी होत नाही. पण बापाच्या मायेपोटी चाललेलं एक पाऊलही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कुणी म्हणेल, महाराज, पौल म्हणतो विश्वासानं, आणि याकोब म्हणतो कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. मग खरं कुणाचं? अहो, एकाच वैद्याकडे दोन रोगी आले. अशक्त झालेल्याला तो म्हणाला, पोटभर जेव. अजीर्ण झालेल्याला म्हणाला, आज लंघन कर. वैद्य खोटा आहे का? रोग वेगळे, म्हणून औषध वेगळं. पौलासमोर असा माणूस आहे, जो आपल्या कर्मांची यादी घेऊन देवाच्या दारात हक्क सांगतो. याकोबासमोर असा, जो उघड्यावाघड्या, उपाशी भावाला म्हणतो, जा बाबा, सुखानं राहा, ऊब घे, पोटभर जेव. आणि हातावर काहीच ठेवत नाही.

दोघंही दाखला देतात तो अब्राहामाचाच. पौल घेतो उत्पत्तीचा पंधरावा अध्याय: अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणला गेला. तेव्हा इसहाक जन्मलाही नव्हता. याकोब घेतो बाविसावा अध्याय: इसहाकाला वेदीवर ठेवण्याची घटका. मधे वर्षानुवर्षं गेली. आधी मूळ धरलं, मग फळ आलं. पौल मूळ दाखवतो, याकोब फळ दाखवतो. झाड एकच.

तरी कुणाच्या मनात राहील, की वधस्तंभावरच्या त्या चोरानं कुठलं सत्कर्म केलं? खरंच आहे. त्याचे हात खिळलेले, पाय खिळलेले, आयुष्याच्या काही घटका उरलेल्या. तो केवळ कृपेनं तरला. पण त्याची जीभ मोकळी होती. त्या जिभेनं त्यानं आपल्या साथीदाराला आवरलं आणि प्रभू निर्दोष असल्याची साक्ष दिली. जेवढं मोकळं होतं तेवढं त्यानं वापरलं. आपले तर दोन्ही हात मोकळे आहेत!

हा वाद काही आपल्याला परका नाही. आपल्या कोल्हापुरातही तो झाला. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथं आले. त्यांनी सुवार्ता सांगितली आणि त्याबरोबर शाळा काढल्या. त्यांच्या मंडळाच्या वरिष्ठांचं धोरण पडलं, की उपदेशावर भर द्यावा, शाळांवर इतकी शक्ती घालवू नये. वायल्डर यांना ते पटलं नाही. मंडळाशी संबंध तुटला. तरी १८६१ साली ते कोल्हापूरला परतले आणि १८७० साली प्रेस्बिटेरियन मंडळानं हे काम हाती घेईपर्यंत त्यांनी ते स्वतंत्रपणे चालवलं. वरिष्ठांची काळजीही खोटी नव्हती. शाळा राहावी आणि ख्रिस्त विसरावा, असं होऊ शकतं. पण ज्याला अक्षर येत नाही, त्याच्या हाती नुसतं शुभवर्तमान देऊन तो वाचणार कसा? ज्या प्रीतीनं सुवार्ता सांगायची, तीच प्रीती पाटी-पेन्सिलही हाती देते.

पुढं मिरजेला बघा. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं रुग्णालय उभं केलं. दूरदूरच्या गावांतून, बैलगाड्यांतून रोगी येऊ लागले. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी आधी प्रार्थना आणि मग शस्त्र, अशी त्यांची रीत सांगतात. त्यात केवढं निरूपण आहे! प्रार्थना केली म्हणून शस्त्र बोथट चालत नाही. आणि शस्त्र धारदार आहे म्हणून प्रार्थना नको, असंही नाही. हात जोडले, आणि तेच हात कामाला लागले. जोडलेला हात म्हणजे विश्वास, चालणारा हात म्हणजे कृती. हात दोन्ही वेळेला तेच.

आता आख्यानाकडे वळू. कथा आहे पंडिता रमाबाईंची. मिरजेच्या रुग्णालयाला सुरुवात झाली त्याच दशकात, पुण्याच्या पुढं दौंडच्या वाटेवर, केडगावला त्यांच्या कामानं मूळ धरलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लेकीला संस्कृत शिकवलं. पण दुष्काळानं घर धुऊन नेलं. आईवडील गेले, पुढं भाऊ गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा. विद्या एवढी, की कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. पण अंतःकरण रितं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम इथलं एक घर दाखवलं. ज्या बायकांकडे जग बोट दाखवतं, ज्यांना कुणी उंबऱ्याशी उभं करत नाही, अशांना तिथं मायेनं सांभाळत होते. रमाबाई चकित झाल्या. हे का करता, असं विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि प्रभूची भेट सांगण्यात आली. ध्यानात घ्या, आधी त्यांना दिसली कृती. कृतीनं त्यांना विचारायला लावलं. आणि उत्तरात ख्रिस्त भेटायला आला. आपला शेजारी बायबल उघडण्याआधी आपले हात वाचतो, ते असं.

त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. काम थोर, नाव थोर. पण त्यांनी स्वतःच १९०७ साली आपल्या साक्षीत सांगितलं आहे, की या सगळ्यात मनाला समाधान नव्हतं. ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त मात्र आला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा भाव. हॅसलम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. स्वतः उपदेश करत असून त्याला स्वतःलाच पालटाची गरज होती, अशी ती हकिकत. मग शास्त्र वाचता वाचता रमाबाईंना उमगलं: मी चांगली झाल्यावर देव मला घेईल, असं नाही. मी जशी आहे तशी, ख्रिस्तासाठी, त्यानं मला घेतलेलं आहे. सालगड्याचा घोर सुटला आणि लेकीचा हक्क कळला.

आता मला सांगा, फुकट तारण मिळालं म्हणून त्या हातावर हात ठेवून बसल्या का? १८९६-९७ चा दुष्काळ पडला. लहानपणी ज्या भुकेनं आईवडील नेले, तीच भूक मध्य प्रांतात पोरींचा घास घेत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. पुढं गुजरातेत दुष्काळ पडला, तिथल्याही मुली आल्या. १९०० च्या सुमारास तिथं दीड हजारांच्या आसपास जीव राहत होते. शेती, विणकाम, छापखाना. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवणं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन. फुलहॅमला जे पाहिलं होतं, ते केडगावच्या मातीत उगवलं. आणि हे सारं चालू असताना त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२१ साली मनोरमा गेली. त्या दुःखातही हातातलं काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

विश्वास मिळाल्यावर काम कमी झालं नाही, दसपट झालं. गुऱ्हाळात चुलवाणाचा जाळ आत असतो, रस्त्यावरून दिसत नाही. पण काहिलीत रस उकळू लागला, की वास साऱ्या शिवाराला कळतो. जाळच नसेल तर काहिलीपाशी कितीही ढवळा, गूळ होत नाही. आणि जाळ आहे म्हणता, तर वास का येत नाही?

म्हणून बाबांनो, दोन माणसांना दोन गोष्टी सांगून संपवतो.

जो थकला आहे, मी पुरेसं केलं का, देव मला घेईल का, या घोरानं ज्याला रात्री झोप नाही, त्यानं आज खुरपं खाली ठेवावं. बापाच्या पायांशी बसावं. तुझा हिशेब वधस्तंभावर पुरा झाला आहे. उद्या रानात जा, पण लेकरू म्हणून जा.

आणि जो म्हणतो, माझा विश्वास आहे, एवढं पुरे, त्याला विचारतो: २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा घराघरांत शिरली, शिरोळकडची गावं पाण्यात उभी राहिली, तेव्हा तुझं दार कुणासाठी उघडलं? पूर ओसरला. पण गल्लीत एकटी राहणारी म्हातारी आहे, फीपायी शाळा सुटलेलं पोर आहे, दवाखान्यात सोबतीला कुणी नसलेला रोगी आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, त्या लहानाला दिलंत ते मला दिलंत. आणि गंमत बघा, तिथल्या नीतिमानांना आपण काही केलं हे आठवतही नाही! सालगडी दिवस मोजतो; लेकरू मोजत नाही.

हे पान मिटण्याआधी एक नाव मनात आणा. या आठवड्यात ज्याच्या दारी जायचं, त्याचं नाव. ते कुणाला सांगू नका. प्रभूला सांगा आणि जा.

मुळाशी कृपा, फांदीला फळ ।
देवाचा हात, म्हणून बळ ॥

प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवपित्याची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हां सर्वांसोबत राहो. आमेन.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!